शून्य दिवसांचे थांबे

मी आयुष्यभर नेमकं काय काम केलं, हे आमच्या घरातल्या एकालाही धड सांगता येत नाही. नवऱ्याला विचारा, तो म्हणतो, "कंप्युटरवर पट्ट्या ओढायची." सासूबाई होत्या तोवर शेजारणींना सांगायच्या, "आमची सून पाण्याच्या हापिसात तारखा देते," आणि मग शेजारणी नळाला पाणी कधी येणार ते विचारायला माझ्याकडे यायच्या. या अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा तेही म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना? एखाद्या धरणाचं, पुलाचं लिहा." धरण मी बांधलं नाही, पूलही नाही. सासूबाई म्हणायच्या तेच खरं, मी तारखा द्यायची. आणि त्या तारखा एका प्रोग्रॅममधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेताना जो ताप झाला, त्याबद्दल लिहिणार आहे. हे वाचून कुणाला झोप येणार असेल तर त्यांनी खुशाल पान उलटावं.

गावोगावच्या नळयोजना बांधणाऱ्या एका खासगी कंपनीच्या परभणीच्या कार्यालयात मी नियोजन बघत होते. मुख्य कार्यालय पुण्याला. एक नळयोजना म्हणजे तळ्यावरचा पंप, पाणी शुद्ध करायची जागा, उंच टाकी आणि तिथून शेताशेतांखालून गावापर्यंत नेलेली नळी. चर खणल्याशिवाय नळी टाकता येत नाही आणि नळी तपासल्याशिवाय चर बुजवता येत नाही, हे सांगायला इंजिनिअर कशाला लागते, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण अशी शेकडो कामं एकमेकांच्या शेपट्या धरून उभी असतात. एक थांबलं की मागची रांग थांबते. कुणाची शेपटी कुणाच्या हातात आहे हे लिहून ठेवणं आणि रांग पुढं-मागं झाली की सगळ्यांच्या तारखा बदलणं, हे माझं काम. प्रत्येक काम म्हणजे पडद्यावर एक आडवी पट्टी. पट्टी जितकी लांब तितके दिवस. नवरा म्हणतो ते अगदीच खोटं नाही.

या पट्ट्यांमध्ये मी एक जागा करून ठेवली होती. काही गोष्टी काम नसतात, त्यांना दिवस लागत नाहीत, पण त्या झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. शेतातला कापूस वेचून झाला, मग चर खणायचा. तूर निघाली, मग मशीन आत न्यायचं. वेचणी आम्ही करत नाही, ती कधी संपेल हे आमच्या हातात नाही, म्हणून तिला पट्टी नाही. तिच्यापुढं दिवस शून्य, आणि तिच्या मागच्या कामाला कुलूप. ते झालं असं मी लिहिलं की कुलूप उघडायचं आणि पुढचं काम साइटवरच्या माणसाच्या यादीत जायचं. मी त्यांना थांबे म्हणायची. आमचे साइट सुपरवायझर मेहबूबभाई पण थांबेच म्हणायचे. ते मूळ जिंतूरचे. मी नोकरीला लागले तेव्हापासून माझ्या तारखा जमिनीवर उतरवणारा माणूस तोच.

या थांब्यांपैकी एक सगळ्यात वेगळा होता. त्याचं नाव 'मेंढ्या उठल्या'.

वालूरच्या पलीकडं एका गावाची योजना होती. तिथं दिगंबररावांचं मोठं शेत आहे. थंडीत शेत रिकामं झालं की ते त्यात मेंढ्या बसवतात. म्हणजे धनगराचा कळप मुक्कामाला बोलवायचा, रानाला खत होतं, आणि त्या बदल्यात कळपवाल्याला धान्य. कळप बिरूआबांचा आणि त्यांच्या बायकोचा, केराबाईंचा. आता आमची नळी याच शेतातून जाते, आणि शेताच्या खालच्या अंगाला, जिथं उतार संपतो तिथं, नळीचं पाणी बाहेर काढायचं तोंड आहे. ते सगळ्यात खालीच ठेवावं लागतं, त्याला इलाज नाही. आणि सगळ्यात खाली, बाभळीच्या आडोशाला, वारं लागत नाही म्हणून केराबाई आपली वाघर तिथंच लावतात. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी.

पहिल्या वर्षी तिथं चर खणताना मशीनवाला सरळ वाघरीपर्यंत गेला. एक मेंढी चरात पडली, तिचा पाय गेला. बिरूआबा काठी घेऊन मशीनपुढं आडवे झोपले. मी परभणीहून गेले. म्हातारा उठेना. शेवटी केराबाईच म्हणाल्या, "आमी काय पाण्याच्या आड यायलाव का? पर इचारा तरी. आमी उठलो का बसलो, येवडं तरी इचारा."

तेव्हापासून तो थांबा. मेंढ्या व्यायल्या की कळप हलत नाही, लहान कोकरं चालायला लागेपर्यंत मुक्काम वाढतो, आणि तो किती वाढेल हे मेंढीलाही माहीत नसतं. म्हणून ठरलं ते असं. कळप उठला की केराबाईंनी मला एक मिस कॉल द्यायचा. मी थांबा उघडायचा. मग ते काम मेहबूबभाईंच्या यादीत जायचं. मिस कॉल नाही तर काम नाही. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं. केराबाईंचा मिस कॉल आला की मी उलट फोन करायची, त्या म्हणायच्या, "उटलाव बरं का बाई," आणि पैसे वाया जातात म्हणून लगेच ठेवून द्यायच्या. आता फोनला पैसे पडत नाहीत हे त्यांना पटवणं मला जमलं नाही.

मग पुण्याला नवीन ॲप आणायची हौस आली.

नवीन ॲप फोनवर चालतं. साहेबांना पुण्यात बसून वालूरच्या चरात कोण उभा आहे ते दिसतं. हजेरीही त्यातच. माझा जुना प्रोग्रॅम एका कंप्युटरवर बसलेला, दिसायला जुनाट, त्याच्या पट्ट्यांचा निळा रंगही विटल्यासारखा. त्याचा परवाना आता घ्यायचा नाही, सगळे आराखडे नव्यात न्यायचे, असा हुकूम आला. या कामाला त्यांनी स्थलांतर असं भारदस्त नाव दिलं होतं. आमच्याकडं स्थलांतर म्हटलं की ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं डोळ्यांपुढं येतात. ती निदान चूल, पाटा, कोंबडी, सगळं मोजून गाडीत घालतात. या स्थलांतरात अर्धं बिऱ्हाड रस्त्यावर सांडलं आणि गाडीवान म्हणत राहिला की काही सांडलेलं नाही.

गाडीवान म्हणजे केतकी. पुण्याची, हुशार, कामसू आणि बोलायला गोड. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी तिच्यावर बरीच चिडणार आहे.

पहिल्या फेरीत अक्षरं गेली. माझ्या कामांची नावं मराठीत, पण फार पूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. नव्या ॲपला तो फाँट ओळखू येईना. 'चर खणणे'च्या जागी कंस, टिंबं, डॉलर आणि मधूनच एखादं इंग्रजी अक्षर. केतकीनं चाचणी म्हणून साइटच्या फोनवर संदेश सोडले आणि सकाळीच मेहबूबभाईंचा फोन.

"मॅडम, आज मला काय काम हाय?"

"फोनवर आलं असेल ना?"

"आलंय की. पर नुसत्या माश्या बसल्यात त्याच्यावर."

मी केतकीवर ओरडले. तिनं संदेश बंद केले आणि शब्द दिला की मी तपासून हो म्हणेपर्यंत साइटवर एकही संदेश जाणार नाही. मग मी बसून सगळी नावं पुन्हा टाइप केली. मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला.

दुसऱ्या फेरीत तारखा गेल्या. गेल्या असत्या तर परवडलं असतं, त्या हलल्या. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. ॲपनं आधी महिना वाचला. जूनच्या पाच तारखेला रस्ता खोदायची परवानगी होती, ती मेच्या सहा तारखेला जाऊन बसली. ज्या तारखेचा दिवस बाराच्या पुढचा, ती मात्र जागेवरच राहिली, कारण तेरावा महिना ॲपलाही ठाऊक नव्हता. म्हणजे काही तारखा बरोबर, काही चूक, आणि दिसायला सगळ्या सारख्या शहाण्या. चुकीची गोष्ट चुकीची दिसत असेल तर माणूस निस्तरतो. ही बरोबर दिसत होती.

तिसरी भानगड सुट्टीची. आमच्याकडचा मजूर रविवारी सुट्टी घेत नाही, तो बाजाराच्या दिवशी घेतो. बाजार प्रत्येक गावाचा वेगळ्या वारी. म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये मी गावागणिक वेगळं कॅलेंडर केलं होतं. केतकी म्हणाली, "मॅम, नव्यात कंपनीचं कॅलेंडर एकच असतं. शनिवार-रविवार सुट्टी."

"अगं, परभणीत शनिवारी कोण घरी बसतं?"

"पण सिस्टिम तशीच आहे, मॅम."

सिस्टिम तशीच आहे. या एका वाक्यानं त्या वर्षात माझं जितकं रक्त आटवलं तितकं सासुरवासानंही आटवलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी ॲप सगळ्या गँगला गैरहजर दाखवायचं आणि रविवारी माणसं चरात घाम गाळत असली तर 'सुट्टीच्या दिवशी विनापरवाना काम' म्हणून पिवळा त्रिकोण. मी त्या त्रिकोणांवर खुलासे लिहीत बसायची. निवृत्तीला आलेल्या बाईनं खुलासे लिहायचे, ते कुणाला, तर एका त्रिकोणाला.

हे सगळं मी सोसलं, कारण हे चिडण्यासारखं होतं पण भिण्यासारखं नव्हतं. मजुराला बाजार कधी आहे ते ॲपनं सांगावं लागत नाही. मग केतकी थांब्यांपाशी आली.

व्हिडिओ कॉलवर तिनं यादी वाचायला सुरुवात केली.

"मॅम, हे 'मेंढ्या उठल्या' काय आहे? टास्क आहे की रिस्क?"

"घटना आहे. ती झाली की पुढचं काम सुरू करायचं."

"ओके. किती दिवस?"

"शून्य."

"आणि जबाबदार व्यक्ती?"

"केराबाई."

"त्यांचा ई-मेल द्या ना."

"केतकी, त्या मेंढ्या राखतात."

"मग व्हेंडर म्हणून ॲड करू का?"

मला हसावं की रडावं कळेना. मी तिला सगळं समजावून सांगितलं. कळप, वाघर, उतार, पाण्याचं तोंड, मिस कॉल. तिनं मन लावून ऐकलं, खोटं कशाला बोलू. शेवटी म्हणाली, "किती इंटरेस्टिंग आहे, मॅम. मी हे सगळं नोट्समध्ये टाकते. काळजी करू नका, डेटा कुठंच जात नाही."

जातो. तिसऱ्या फेरीनंतर मी जुना आराखडा आणि नवा आराखडा शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावून पाहिली, तर एकही थांबा नाही. कापूस नाही, तूर नाही, मेंढ्या नाहीत. फोन केला. आत नेण्याआधी म्हणे एक साफसफाई होते. ज्या ओळीला दिवस शून्य आणि जबाबदार व्यक्ती नाही ती ओळ रिकामी समजून काढली जाते. आणि मधली ओळ गेली की तिच्या मागचं काम पुढं सरकून मोकळ्या जागी येतं, जसं बसमध्ये कुणी उठलं की शेजारचा सरकतो. सगळे आराखडे एकदम लवकर संपायला लागले होते. पुण्याला साहेब खूष होते. नवीन ॲपमुळं कामाचा वेग वाढला असं त्यांना वाटत होतं.

मी लेखी कळवलं. फोन करून सांगितलं. उत्तर आलं की पुढच्या फेरीत थांबे हातानं घालू, तोवर आधी दिलेला शब्द कायम, साइटला संदेश जाणार नाहीत. नव्या आराखड्याला हात लावायची मला परवानगी नव्हती, तो पुण्याहूनच उघडायचा. मी वाट पाहत बसले. वाट पाहणं हा माझा धंदाच होता, पण इतकी तडफड मी आधी कधी केली नव्हती.

आता पाण्याच्या तोंडाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावाला पाणी सोडायच्या आधी नळी धुतात. टाकीत पाणी भरून त्यात ब्लीचिंग पावडर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त घालतात, ते पाणी मुरू देतात आणि मग टाकीपाशीचा वॉल्व्ह उघडून नळीतून खालच्या तोंडानं सोडून देतात; ते तोंड तोवर उघडंच ठेवलेलं असतं. उंच टाकीचं पाणी, मैलोगणती नळी आणि शेवटी एक तोंड. जोर असा असतो की समोर उभ्या माणसाचे पाय सुटतात. 'नळी धुणे' हे काम त्या गावच्या आराखड्यात 'मेंढ्या उठल्या'च्या मागं कुलूपबंद होतं. टाकी भरून तयार होती, गावाला पाण्याची घाई होतीच. सरपंच रोज फोन करायचे. त्यांनाही मी हेच सांगत होते की कळप हलला की दुसऱ्या दिवशी धुते.

त्या सकाळी मी परभणीच्या कार्यालयात नुकती येऊन बसले होते. थंडी होती, खिडकी लावून घेतली आणि कंप्युटर सुरू केला. नव्या ॲपच्या नकाशावर वालूरच्या बाजूला एक ठिपका हिरवा झाला. त्यावर टिचकी मारली. 'नळी धुणे: सुरू.'

पुण्याला त्या दिवशी कुणी बडे साहेब आले होते. त्यांना मोठ्या पडद्यावर सगळ्या साइटचे ठिपके जिवंत दाखवायचे म्हणून सकाळी संदेश चालू केले होते. मला कळवायचं राहून गेलं. हे मला नंतर कळलं.

मी मेहबूबभाईंना फोन लावला. टाकीपाशी रेंज नसते. पुन्हा लावला. केराबाईंना लावला, तो वाजत राहिला. तिसऱ्यांदा मेहबूबभाई सापडले.

"वॉल्व्ह उघडला का तुम्ही?"

"हाव मॅडम, कवाच. कामून?"

"मेंढ्या तिथंच आहेत."

पलीकडून बूट वाजले, पळत जाताना वाजतात तसे, आणि फोन तुटला.

त्यांनी वॉल्व्ह लगेच बंद केला असणार. पण वरून बंद केलं तरी नळीत भरलेलं पाणी उताराला लागलेलं असतं. ते सगळं खाली आल्याशिवाय थांबत नाही. हे मला माहीत होतं, आणि जीपमध्ये बसल्यावर वालूर येईपर्यंत मी तेवढंच मनात घोळवत होते.

मोठ्या मेंढ्या घेऊन बिरूआबा सकाळीच चरायला गेले होते, रोजच्यासारखे. वाघरीत राहिली होती ती नुकती जन्मलेली कोकरं. त्यांना दिवसा टोपल्यांखाली झाकून ठेवतात, घार-कुत्रं नेऊ नये म्हणून. आणि राखायला केराबाई एकट्या. पाणी आलं तेव्हा त्या चुलीपाशी होत्या. त्यांनी हाताला येईल ती टोपली उचलून खालची कोकरं बांधावर नेली. दोन हातांत मावतील तितकीच नेता येतात. परत येईस्तोवर बाकीच्या टोपल्या पाण्याबरोबर बाभळीला जाऊन लागल्या होत्या. झाकलेलं कोकरू पळू शकत नाही.

मी पोहोचले तेव्हा शेतात चिखल आणि ब्लीचिंगचा वास. दवाखान्याच्या फरशीला येतो तसला. वाघर मातीत रुतलेली. केराबाई बांधावर बसून जिवंत कोकरं पोत्यानं पुसत होत्या. गेलेली कोकरं त्यांनी एका ओळीत निजवून वर लुगड्याचं धडपं घातलं होतं. मी मोजली नाहीत.

वाटेवरचे सगळे वॉल्व्ह बंद करत मागून मेहबूबभाई मोटरसायकलवर आले आणि लांबच उभे राहिले. हा माणूस मोठ्या कंत्राटदारांना शिव्या घालताना मी ऐकलाय. आता त्याचा आवाज अगदी खाली होता. मलाच उद्देशून म्हणाले, "मॅडम, लिस्टमधी आलं न्हवं. तुमच्या लिस्टमधी आलं म्हंजी मेंढ्या गेल्या. इतके साल आसंच हाय ना? म्या म्हणलं, बाईचा मिस कॉल आला आसंल. म्या कामून बगायला यावं?"

त्यांचं बरोबर होतं. नवीन ॲपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो माझ्यावर, आणि ॲपनं संदेशाखाली माझं नाव घालून तो परस्पर वापरला. अनोळखी माणसाकडून हुकूम आला असता तर ते आधी शेतात जाऊन पाहून आले असते.

केराबाईंनी मान वर केली. "उबे कामून ऱ्हायलाव तितं? हे धरा. पुसा ह्याला, थंडीनं मरंल."

मेहबूबभाईंनी गळ्यातला रुमाल काढला, मग तो पुरेना म्हणून स्वेटर काढला, आणि खाली बसून कोकरू चोळायला लागले. मीही एक घेतलं. आम्ही तिघं बराच वेळ तेच करत होतो. बिरूआबा कळप घेऊन आले. आया ओरडत आल्या, आपापलं हुंगून शोधायला लागल्या. काहींना सापडलं. बिरूआबांनी धडपं उचलून पाहिलं, परत टाकलं, आणि वाघर चिखलातून सोडवायला लागले. या वेळी त्यांनी काठी उचलली नाही. उचलली असती तर मला बरं वाटलं असतं.

केराबाई म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? आमचं नाव व्हतं का तुमच्या त्या मशिनीत?"

"होतं," मी म्हटलं.

"मंग काढलं कुनी?"

इतक्या वर्षांत मला कुणी इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. केतकीनं काढलं म्हणू? तिनं ती ओळ हातानं पुसली नव्हती. साहेबांनी? त्यांना अशी ओळ होती हेही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कुणी मुद्दाम काढलं नाही, केराबाई. जुन्यातून नव्यात नेताना ते आलंच नाही."

"न्हाई कसं आलं? आमी तर हितंच हाव की," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पुसायला लागल्या.

संध्याकाळी केतकीला फोन केला. माझा आवाज चढलेलाच होता, पण ती मध्येच रडायला लागली, तेव्हा माझाच राग हवेत राहिला. पुढचं सगळं रीतसर झालं. बैठक झाली, भरपाईचे कागद फिरले, आणि शून्य दिवसांच्या ओळींना जबाबदार व्यक्तीची अट काढून टाकण्यात आली. थांबे परत आले. केतकी स्वतः परभणीला येऊन माझ्याबरोबर बसून गेली, ओळ न् ओळ. बिरूआबा मात्र दुसऱ्या वर्षी दिगंबररावांच्या शेतात बसले नाहीत, तिसऱ्या वर्षीही नाही. आता ते जिंतूरच्या बाजूला बसतात म्हणे. 'मेंढ्या उठल्या' हा थांबा नव्या आराखड्यात फार व्यवस्थित बसला आहे, पण तिथून उठायला मेंढ्याच नाहीत.

आणि एक गोष्ट राहिली, ती कुणालाच निस्तरता आली नाही. त्या दिवशी दुपारी, आम्ही बांधावर बसलेलो असतानाच, मेहबूबभाईंच्या खिशात फोन वाजला होता. त्यांनी चिखलाच्या हातानं काढून पाहिला आणि माझ्यापुढं धरला. ते टाकीवरून हलले तसं ॲपनं काम झालं असं धरलं होतं, आणि पडद्यावर एक सोनेरी चांदणी फिरत होती. खाली लिहिलं होतं, 'शाबास मेहबूब. नळी धुणे हे काम तुम्ही वेळेच्या आधी पूर्ण केलं.'

"मॅडम," ते हळूच म्हणाले, केराबाईंना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "हे काढता येतंय का?"

मी म्हटलं, बघते. केतकीला विचारलं, तिनं तिच्या वरच्यांना विचारलं, त्यांनी ॲप बनवणाऱ्यांना विचारलं. उत्तर आलं की एकदा दिलेली चांदणी परत घेता येत नाही, कामगारांचं मन खट्टू होतं. ती हजेरीच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, त्यांच्या नावापुढं कायमची बसली. ॲप फोनमधून काढूनही टाकता येईना, कारण हजेरी त्यातच.

मी निवृत्त झाले त्या दिवशी निरोप घ्यायला साइटवर गेले होते. सकाळची वेळ होती, माणसं हजेरी लावत होती. मेहबूबभाईंनी फोन उघडला, डाव्या हाताचा अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर दाबून धरला आणि उजव्या हातानं हजेरी लावली. मग अंगठा तसाच ठेवून फोन बंद केला आणि खिशात घातला. मला म्हणाले, "चला मॅडम, च्या घेऊ."